साठ गुंठे गवत आणि एक जुना ट्रॅक्टर

आमच्या माणदेशातल्या घराण्यात ट्रॅक्टर विकत घेणारा मी पहिला. पण ही बातमी गावाकडे कळली तेव्हा कोणी पेढे मागितले नाहीत. कारण तो ट्रॅक्टर मी घेतला होता अमेरिकेत, तोही दुसऱ्याने चाळीस-पंचेचाळीस वर्षे वापरलेला, आणि घेतला होता कशासाठी, तर घराभोवतीचे गवत कापण्यासाठी! "आणि मग त्या गवताचं काय करता?" हा गावाकडचा पुढचा प्रश्न. ट्रॅक्टरच्या किमतीचे, इंजिनाचे, सुट्या भागांचे सगळे प्रश्न पुढे सुटत गेले. या एका प्रश्नाचे उत्तर देताना मात्र अजूनही जीभ अडखळते.

२०१२ च्या सप्टेंबरात आम्ही ओहायो राज्यात, कोलंबस शहरापासून तासाभराच्या अंतरावर घर घेतले. भोवती दीड एकर जागा, म्हणजे आपल्या हिशोबाने साठ गुंठे. ती सलग हिरवळ पाहून आमची सौ. हरखली, मीही हरखलो. घर दाखवणारा दलाल नुसताच हसला. त्या हसण्याचा अर्थ पुढच्या एप्रिलमध्ये उलगडला. चार महिने बर्फाखाली निपचित पडलेले गवत पहिल्या पावसासरशी असे उसळले, की शनिवारी कापावे तो पुढच्या शनिवारी पुन्हा घोट्याच्या वर. आमच्याकडे होते ते जुन्या घरचे हाताने ढकलायचे यंत्र. त्याचा पट्टा एकवीस इंचांचा. घर आणि गाडीचा रस्ता वजा केला तरी एका कापणीला सहा मैलांची, म्हणजे जवळजवळ दहा किलोमीटरची पायपीट! दोन शनिवार-रविवार पावसात गेले आणि गावाच्या कार्यालयाकडून पत्र आले: आपले गवत दहा इंचांच्या वर गेले आहे, मुदतीत कापावे, अन्यथा आम्ही कापू आणि बिल आपल्याला पाठवू. शेतकऱ्याच्या मुलाला गवत वाढले म्हणून नोटीस! मी ते पत्र घडी घालून खिशात ठेवले. घरात दाखवायचीही लाज वाटली.

माणसे लावून कापून घ्यावे, तर दर खेपेचे साठ डॉलर. एप्रिल ते ऑक्टोबर पंचवीस-सव्वीस खेपा, म्हणजे हंगामाचे पंधराशे डॉलर. नवा साधा ट्रॅक्टर दीड-दोन हजारांचा, पण त्याचा पत्रा इतका पातळ, की दुकानात बोटाने टिचकी मारली तर डबा वाजावा तसा वाजला. तेव्हा जुना पण दणकट पाहावा, असे मनाशी ठरत होते. त्यातच मेच्या पहिल्या आठवड्यात गावाहून आण्णा आले.

आण्णा म्हणजे माझे वडील. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर. तिकिटे आम्ही आधीच्या दिवाळीत काढली होती. त्यानंतर माणदेशात काय झाले हे वाचकांना सांगायला नको. २०१३ चा तो उन्हाळा महाराष्ट्र विसरलेला नाही. विहिरींनी तळ गाठला, दावणी मोकळ्या झाल्या आणि जनावरे चारा छावण्यांत गेली. आमच्या दोन गाई, एक म्हैस आणि एक खोंड घेऊन थोरले बंधू म्हसवडकडच्या छावणीत राहायला गेले होते. आण्णा निघायलाच तयार नव्हते. "जनावरं छावणीत आणि मी विमानात?" असे म्हणून त्यांनी पिशवी दोनदा भरली आणि दोनदा रिकामी केली. शेवटी बंधूंनीच त्यांना मुंबईला आणून बसवले.

ते आल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी मी ढकलायचे यंत्र बाहेर काढले. नोटिशीची मुदत जवळ आली होती. आण्णा पायरीवर बसून पाहत होते. मी गवत कापत होतो आणि कापलेले गवत उंच कागदी पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ओळीने ठेवत होतो. सातवी की आठवी पिशवी ठेवली तेव्हा आण्णा उठले, पिशवीत हात घातला, मूठभर गवत काढून नाकाशी नेले.

"हे कुठं जाणार?"

"सोमवारी गाडी येते आण्णा. ती नेते, त्याचं खत करतात."

ते काही बोलले नाहीत. दुपारी जेवायला हाक मारली तर "भूक न्हाई" म्हणाले. संध्याकाळी बंधूंचा छावणीतून फोन आला, त्यांच्याशी बोलले, आणि मग बऱ्याच वेळाने मला म्हणाले, "किती पेंढ्या होतील रे त्या पिशव्यांच्या?" मी म्हटले, "मोजलं नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे गवत कापण्याचे वेड तरी आले कुठून, हे मी पुढे मुद्दाम वाचून काढले. इंग्लंडातल्या उमरावांच्या वाड्यांपुढे हिरवळी होत्या, त्या मेंढरे चारून आणि कोयत्याने कापून राखत. १८३० मध्ये ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग या कारागिराने गवत कापायच्या यंत्राचे पेटंट घेतले. कल्पना सुचली ती कापडगिरणीत. लोकरी कापडावरची लव सारखी छाटणारे एक फिरते पाते तिथे होते, त्यावरून. उमरावांची ही हौस अमेरिकेत गेली आणि तिथे मध्यमवर्गाची झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउनसारख्या एका साच्यातल्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि प्रत्येक घरापुढे हिरवळीचा एकेक तुकडा आला. तो राखणे हा शेजारधर्म ठरला. गंमत अशी, की ज्या गवताला इथे 'केंटकी ब्लूग्रास' म्हणतात ते मुळात केंटकीचे नव्हेच, युरोप-आशियाकडून आलेले! २००५ मध्ये क्रिस्टिना मिलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहचित्रांच्या आधारे अंदाज काढला, की घरांपुढची हिरवळ, बागा, गोल्फची मैदाने असे सगळे मिळून अमेरिकेत सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर कापीव गवत आहे. आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे जास्तच. आणि त्यावर चरायला एक शेळी नाही.

असो. ट्रॅक्टरकडे वळू.

इथे गवत कापायच्या बसक्या गाड्यांच्या दोन जाती आहेत. एक हिरवळीचा ट्रॅक्टर, तो फक्त गवत कापतो आणि दहा वर्षांत भंगारात जातो. दुसरा बागेचा ट्रॅक्टर. तो दिसायला तेवढाच, पण त्याचा सांगाडा जाड, पुढचा आस ओतीव, मागच्या गिअरपेटीत दम. त्याला छोटा नांगर जोडता येतो, बर्फ सारायचे फाळके जोडता येते. साठ-सत्तरच्या दशकांत या दुसऱ्या जातीचे अमेरिकेत मोठे पीक आले होते. इंडियानातल्या साउथ बेंडचे लाल 'व्हील हॉर्स', विस्कॉन्सिनमधल्या हॉरिकॉन गावी १९६३ पासून निघालेला जॉन डिअरचा हिरवा '११०', आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ च्या सुमारास केंटकीतल्या लुईव्हिल इथून बाजारात आणलेला पिवळा-पांढरा 'कब कॅडेट'. शेतीचे ट्रॅक्टर बनवणाऱ्या माणसांनी ते घडवले होते, म्हणूनच त्यातले कितीतरी आजही चालतात. जुना घ्यायचा तर यांतलाच.

जाहिरात मिळाली ती तीस मैलांवरची. 'कब कॅडेट १२२, बारा अश्वशक्ती, तीन वर्षे बंद, सहाशे डॉलर.' मी एकटाच जाणार होतो, पण आण्णा कधी गाडीत येऊन बसले ते कळलेच नाही.

मालक ऐंशीच्या घरातले गृहस्थ होते. घर विकून लेकीकडे राहायला निघाले होते. गोठ्यासारख्या लाकडी छपरात, ताडपत्रीखाली, तो उभा होता. ताडपत्री काढल्यावर आण्णा त्याच्या पुढ्यात गेले, वाकले, आणि पत्र्यावरची अक्षरे एकेक करून लावू लागले. सातवीपर्यंतच्या शिक्षणात जेवढे इंग्रजी पदरात पडले तेवढ्यावर. "आय... एन... टी..." आणि एकदम सरळ उभे राहून म्हणाले, "लेका, हा इंटरनॅशनल हाय! पाटलांचा बी दोनशे पंच्याहत्तर!"

ते म्हणत होते ते खरे होते. १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि हीच अमेरिकन इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून भारतात ट्रॅक्टर कंपनी काढली. मुंबईत कांदिवलीच्या कारखान्यातून 'बी-२७५' हा लाल ट्रॅक्टर निघू लागला. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्र अँड महिंद्रमध्ये विलीन झाली. आमच्या गावात पाटलांकडे एक बी-२७५ होता. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून हाताला घट्टे पडल्यावर, पुढे दोन हंगाम, आण्णा त्यावर रोजाने ड्रायव्हर होते. हे मी लहानपणी ऐकले होते, पण त्या छपरात उभे राहीपर्यंत मला त्याची कधी आठवण झाली नव्हती. आपला बाप कधीकाळी ट्रॅक्टर चालवत असे, ही काय विसरायची गोष्ट आहे? पण विसरलो होतो.

मग सुरू झाली पारख. खरसुंडीच्या बाजारात खिलारी खोंड पाहावा तशी आण्णांनी त्या यंत्राला प्रदक्षिणा घातली. दात मोजायचे नव्हते, एवढाच फरक. आधी इंजिनावर तळवा टेकवला. ते गार होते. "गार हाय म्हंजे माणूस खरा हाय," म्हणाले. ही खूण वाचकांनी कुठलेही जुने इंजिन घेताना लक्षात ठेवावी. आपण जायच्या आधीच मालकाने ते सुरू करून तापवून ठेवले असेल, तर ते गार असताना नखरे करते असे समजावे. मग ऑइलची पट्टी काढून थेंब दोन बोटांत चोळला. काळे होते, पण त्यात धातूची चमक नव्हती, पाणी शिरल्याचा दुधाळपणा नव्हता, पेट्रोलचा वास नव्हता. पुढची चाके धरून हलवली, तेव्हा डावे चाक खुळखुळले. मी प्लग काढला, माझ्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडल्या, आण्णांनी प्लगच्या भोकावर अंगठा दाबला आणि मी किल्ली फिरवली. फट्‌ करून अंगठा उडाला. "दम हाय," आण्णा म्हणाले. चालू इंजिनाचा धूर पाहायला मिळाला असता तर आणखी कळले असते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. ते नशिबावर सोडावे लागले.

लोक जुने यंत्र घेताना इंजिनाला भितात. मला विचाराल, तर भ्यायचे ते खालच्या पात्यांच्या पेटीला. ओले गवत पेटीच्या आतून चिकटून राहते आणि वर्षानुवर्षे पत्रा खात बसते. वरून रंग झकास, आणि खालून स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आरपार! इंजिनाचे भाग मिळतात, चाळण झालेल्या पत्र्याचे काय करणार? मी आडवा पडून टोचून पाहिले. दोन ठिकाणी पत्रा पातळ होता, पण शाबूत होता. तीन पात्यांपैकी मधल्याचे बेअरिंग मात्र गेलेले होते.

किमतीची वेळ आली. आपल्याकडच्या बाजारात उपरण्याखाली बोटे धरून सौदा होतो, तसे काही इथे नव्हते. मी पाचशेच्या खाली सांगणार, तोच आण्णांनी मराठीत विचारले, "त्याला विचार, हा नवा कुणी घेतला होता?" गृहस्थ म्हणाले, वडिलांनी, १९६८ साली. मी ते सांगितल्यावर आण्णा म्हणाले, "मग मागतोय तेवढं देऊ नको, पण लाज वाटंल इतकं पाडू बी नको. बापाची वस्तू हाय त्याच्या." साडेचारशेवर ठरले. त्या वेळच्या भावाने पंचवीसेक हजार रुपये. भाड्याच्या ट्रॉलीवर चढवताना म्हातारे गृहस्थ आणि आण्णा दोघेही एकाच बाजूने ढकलत होते. एकमेकांची भाषा येत नसताना दोघांची काहीतरी बोलाचालीही चालली होती.

पुढचे दोन आठवडे आमचे गॅरेज म्हणजे गावच्या एस.टी. स्टँडसमोरचा फिटर झाले. पहिले दुखणे पेट्रोलचे. आजकालच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढते, आणि पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिले की त्याचा चिकट, राळेसारखा थर उरतो. टाकी उघडली तर जुन्या व्हार्निशचा वास. कार्ब्युरेटर सोडवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रावर मांडला, तेव्हा सौ.ने फक्त एवढेच विचारले, की आज जेवायचे कुठे? त्याच्या बारीक वाटा हिरवट खराने बुजल्या होत्या. त्या तांब्याच्या एका बारीक तारेने आण्णांनी मोकळ्या केल्या. सुईने भोक मोठे होते, म्हणून सुई नाही, असे त्यांनी बजावले. बॅटरीच्या तारांच्या टोकांना आलेली पांढरी बुरशी खायचा सोडा पाण्यात कालवून धुतली. या जुन्या कब कॅडेटमध्ये स्टार्टर आणि डायनॅमो ही दोन यंत्रे नाहीतच. पट्ट्यावर चालणारे एकच यंत्र आधी इंजिन फिरवते आणि इंजिन सुरू झाले की तेच वीज करू लागते. आण्णांना ही युक्ती फार आवडली. "एकच बैल, मोटंला बी आणि गाडीला बी," म्हणाले.

तरी ते सुरू होईना. पेट्रोल पोचत होते, दम होता, पण ठिणगी नव्हती. इथे मला वाटले, आण्णांची विद्या संपली. त्यांचा हात बसलेला सगळा डिझेलवर, पाटलांचा ट्रॅक्टर काय नि विहिरीवरचे किर्लोस्करचे इंजिन काय. डिझेलला ठिणगी लागतच नाही. पण आण्णा म्हणाले, "पॉइंट उघड." मी चकित. "लूना काय डिझेलवर चालत होती का?" खरेच की! त्यांच्या लूनाचा पॉइंट दर पावसाळ्यात काळा पडायचा. कोलर कंपनीच्या या एका सिलिंडरच्या, पावणेपाचशे सीसीच्या इंजिनालाही तसाच पॉइंट आहे. इंजिनाच्या अंगावर बाहेरच बसवलेला, दोन स्क्रूंच्या झाकणाखाली. आण्णांनी तो पॉलिश पेपरने हलकेच घासला आणि माझ्या ऑफिसचे एक कार्ड मधून ओढून पुसून घेतला. फट मात्र मी पत्त्यांच्या गेजने लावली, वीस थाऊ, म्हणजे इंचाचा पन्नासावा भाग. त्यांनी ती पत्ती उन्हात धरून पाहिली आणि म्हणाले, "एवढ्यासाठी एवढं महाग अवजार? पोस्टकार्ड घडी करून लावायचो आम्ही."

चौथ्या किल्लीला इंजिन खोकले. पाचव्याला धडधडले. निळसर धुराचा एक लोट आला आणि मिनिटभरात विरला. आण्णांनी टोपी काढून कपाळ पुसले.

आता पाती. ती उतरवण्याआधी प्लगची तार काढून बाजूला बांधायची, हा नियम कधीही मोडू नये. हाताने पाते फिरवले तरी इंजिन एखादा झटका देऊ शकते. आण्णांनी तिन्ही पाती कानशीने अशी परजली की विळ्यांनी लाजावे. मी त्यांना खिळ्यावर पाते टांगून त्याचा तोल पाहायला शिकवले. एका बाजूला जड राहिले तर बेअरिंग मरते. नवी बेअरिंगे टपालाने आली, नवा पट्टा आला. सुट्या भागांना सगळे मिळून पावणेदोनशे डॉलर लागले. पंचेचाळीस वर्षांच्या यंत्राचे भाग चार दिवसांत दारात येतात, याला काय म्हणावे? शनिवारी सगळे जोडून मी मोठ्या ऐटीत बसलो, गिअर टाकला, पात्यांचा दांडा ओढला आणि निघालो. मागे वळून पाहतो तो गवत कापलेले नाही, नुसते झोडपलेले! आण्णा हातवारे करत येत होते. "पाती उलटी लावलीस!" पात्याच्या टोकाला जो उचललेला पंख असतो तो वर पेटीकडे असावा लागतो. तो हवा ओढून गवत उभे करतो, तेव्हा धार कापते. इंजिनिअरिंगची पदवी माझी, हे आण्णा त्या दिवशी सौ.ला दोनदा म्हणाले.

पाती सुलटी केल्यावर मात्र बेचाळीस इंचांचा पट्टा झरझर निघू लागला. सहा मैलांच्या पायपिटीचे काम सव्वा तासात. आण्णांनी ते माझ्याकडून कधी काढून घेतले ते समजले नाही. दर शनिवारी सकाळी तेच बसायचे. गवताच्या ओळी इतक्या सरळ, की समोरचा शेजारी गाडी थांबवून पाहायचा.

आणि एका शनिवारी मी खिडकीतून पाहिले, तर आमची सहा वर्षांची लेक आजोबांच्या मांडीवर, आणि ट्रॅक्टर चालू. मी धावत गेलो आणि ओरडलो. आण्णांवर मी आयुष्यात एकदाच आवाज चढवला, तो त्या दिवशी. आपल्याकडे मूल ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसूनच मोठे होते. पण त्या ट्रॅक्टरच्या पोटाखाली फिरती पाती नसतात. इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना स्पष्ट सांगते, की अशा यंत्रावर मुलाला कधीही सोबत बसवू नये आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला ते चालवायला देऊ नये. नव्या यंत्रांत सीटवरून माणूस उठला की पाती बंद पडतात. आमच्या जुन्यात असे काही नव्हते. मूल घसरले असते तर पाती फिरतच राहिली असती. हे सगळे मी नंतर सांगितले. त्या क्षणी फक्त ओरडलो. आण्णांनी इंजिन बंद केले, नातीला उतरवले आणि मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला ते म्हणाले, "त्या सीटखाली बटण बसवता येतंय का?" आम्ही बसवले. काम अवघड नाही. इग्निशन कॉइलला जाणारी तार सीटखालच्या दाबाच्या बटणातून फिरवून घ्यायची. माणूस उठला की बटण सुटते, वीज तुटते, इंजिन थांबते. तार आण्णांनी ओढली, जोड मी दिले. आदल्या दिवशीचा विषय कोणीच काढला नाही.

राहिला गवताचा प्रश्न. यंत्राने चुरा झालेले ओले गवत जनावराला घालायचे नसते. ते तासाभरात तापते, आंबते आणि पोट फुगते. आण्णांना हे माझ्याआधी माहीत होते. जूनच्या सुरुवातीला ते म्हणाले, "मागचा अर्धा एकर कापू नको." रस्त्यावरून तो भाग दिसत नव्हता. गवतावर औषध मारले आहे का, हे त्यांनी मला तीनदा विचारून खात्री करून घेतली. मारले नव्हते. मग बी धरायच्या आत त्यांनी ते गवत विळ्याने कापले. विळा त्यांच्या सामानातून आला होता, कागदात गुंडाळून. कशासाठी आणला होता, ते मी विचारले नाही. तीन दिवस उन्हात उलथून वाळवले आणि पेंढ्या बांधल्या. एकशे चाळीस भरल्या. समोरच्या शेजाऱ्याकडे चार शेळ्या होत्या, त्याने त्या पेंढ्या नेल्या आणि बदल्यात अंडी आणून दिली. त्या संध्याकाळी आण्णांनी छावणीत फोन लावून बंधूंना पेंढ्यांचा आकडा सांगितला. पलीकडून काय उत्तर आले, मला ऐकू आले नाही. आण्णा म्हणाले, "हां. तेच म्हणतो मी," आणि फोन ठेवला.

त्या वर्षी पाऊस लवकर आणि चांगला झाला. जनावरे घरी आली. ऑगस्टमध्ये आण्णा परत गेले. २०१९ मध्ये ते वारले.

ट्रॅक्टर आहे. दर एप्रिलला ऑइल बदलतो, पॉइंट घासतो, थंडीआधी टाकी कोरडी करतो. इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेटचा धंदा १९८१ मध्येच विकला, त्या कंपनीचे नावही आता ट्रॅक्टरवर दिसत नाही. दुकानांत बॅटरीवर चालणारी यंत्रे आली आहेत. कॅलिफोर्नियात तर २०२४ पासून नवी पेट्रोलची गवतकापणी यंत्रे बनवून विकायला बंदी झाली. लेक अठरा वर्षांची झाली, तिने गेल्या वर्षी ट्रॅक्टर चालवायला शिकून घेतला. चढावर चाक उडाले की ती सीटवरून जराशी उचलली जाते आणि इंजिन गप्पकन थांबते. मग ती वैतागून पुन्हा किल्ली मारते. मागचा अर्धा एकर ती न सांगता सोडते.

शेजाऱ्याच्या शेळ्या आता नाहीत. जूनमध्ये मी विळ्याने कापतो, वाळवतो. पेंढ्या चाळीसच्या वर जात नाहीत, पाठ दुखते. चार सफरचंदाची झाडे आहेत, त्यांच्या बुंध्याशी पसरून टाकतो.